जाईनं उतरवलेली गुढी

आमची जाई सकाळी युनिव्हर्सिटीला निघते ती वनवासाला निघाल्यासारखी. पाठीवरच्या बोचक्यात पाण्याची बाटली, स्टीलचा डबा, कापडात गुंडाळलेला चमचा, शहाळं प्यायला स्टीलची नळी आणि घडी घातलेली पिशवी. मी विचारते, "अगं, शिकायला चाललीस की संसार मांडायला?" ती म्हणते, "आजी, प्लास्टिक वाचतं." आणि एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर पोचल्यावर तिचा फोन येतो, "आजी, लॅपटॉपचा चार्जर टेबलावरच राहिला."

वय एकवीस. शिकते अकाउंटन्सी, बापासारखी. बाप म्हणजे माझा मुलगा निशिकांत, तो बँकेत आहे, आणि सून मीनल विमा कंपनीत. आम्ही सिंगापुरात यिशुनला एका जुन्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. दारासमोर लांब कॉरिडॉर, एका बाजूला ओळीनं सगळ्यांची दारं, दुसऱ्या बाजूला कठडा. जाईच्या जन्माच्या वेळी मी बाळंतपण करायला म्हणून इथं आले. ते बाळंतपण अजून चालूच आहे असं समजा.

लहानपणी झुरळ दिसलं की ही पोरगी पलंगावर चढायची आणि तिथूनच जेवायला मागायची. आता मात्र मला मुंग्या मारू देत नाही. "त्यांना मारू नकोस आजी, वाट बदलायला लाव," म्हणते आणि ओट्याच्या कडेनं लिंबाची साल घासते. मुंग्या वाट बदलतात हे खरं. त्या साखरेच्या डब्याकडून गुळाच्या डब्याकडे जातात.

दोन वर्षांपूर्वी ती युनिव्हर्सिटीतल्या निसर्गाच्या क्लबात गेली. त्या क्लबातल्या काही जणांनी एक काम अंगावर घेतलंय. कुणाच्या गॅलरीत, छपराखाली मधमाशा येऊन बसल्या की लोक घाबरून औषध मारणाऱ्याला बोलावतात. ही मुलं म्हणतात, मारू नका, आम्ही येतो. मग माशांना पेटीत घेऊन दूर बागेत नेऊन ठेवतात. त्यांचा पुढारी रुचिर. तो याच युनिव्हर्सिटीत शिकून आता जुरोंग आयलंडवर, त्या कारखान्यांच्या बेटावर, इंजिनीयर आहे. माशांना हात घालायचा तो रुचिरनंच, बाकीच्यांनी मदत करायची. जाईकडे पेटीचं झाकण धरायचं काम. मी मराठी मंडळात सगळ्यांना मोठ्या कौतुकानं सांगते, "आमची जाई झाकण धरते."

पण गेल्या महिन्यात पोरगी फार खट्टू झाली होती. तिच्या क्लबानं कॅन्टीनमध्ये एक दिवस ठरवला, आपापला डबा आणायचा, कागदी आणि प्लास्टिकची ताटली घ्यायची नाही. पोरंपोरी भराभर हो म्हणाली. जाईनं भाषण केलं, टाळ्या पडल्या, हिरवे स्टिकर संपले. ठरलेल्या दिवशी डबा घेऊन आली ती जाई, तिची मैत्रीण शी यिंग, आणि एक म्हातारे प्रोफेसर, ज्यांना या कार्यक्रमाचा पत्ताच नव्हता. त्यांच्या बायकोनं डबा दिला होता, इतकंच.

घरी आली आणि माझ्याजवळ बसून मटार सोलायला लागली.

"आजी, सगळ्यांना सगळं माहीत असतं ग. समुद्र वर येतोय, पक्षी कमी झालेत, सगळं. विचारलं तर सगळे हो म्हणतात. बोलावलं की कुणी येत नाही."

मीनल ऑफिसातून येऊन चप्पल काढत होती. ती म्हणाली, "मग? तुम्ही मुलं एसी सोळावर ठेवून झोपता आणि सकाळी झाडांवर निबंध लिहिता."

"मम्मी, मी पंखा लावते!"

"तू लावतेस ग. तुझी फौज काय करते?"

जाईनं मटार मात्र असे फोडले की दाणे फ्रिजखाली गेले.

तर असं सगळं असताना पाडवा आला, गुरुवारी. इथं पाडव्याची सुट्टी नसते. निशिकांतनं ऑफिसच्या कपड्यांतच गुढी उभारली, टाय खांद्यावर टाकून. या जुन्या ब्लॉकमध्ये कपडे वाळत घालायला बांबूच्या लांब काठ्या मिळतात, त्यातली एक कोरी मी राखून ठेवली होती. तिला माझं पोपटी रेशमी लुगडं चुणून बांधलं, कडुलिंबाचा डहाळा, झेंडूची माळ, पुण्याहून आलेली साखरेची गाठी, आणि वर तांब्या पालथा घातला. काठी कठड्याला बांधली, थोडी बाहेर झुकती. निशिकांतनं गाठी अशा मारल्या की जणू बँकेची तिजोरीच बंद करतोय. नमस्कार केला, कडुलिंबाचं पान तोंड वेडंवाकडं करत चघळलं आणि दोघं नवराबायको कामाला गेली. जाईला त्या दिवशी तास नव्हता. ती आत चक्क्यात साखर फेटत होती.

साखरेच्या गाठीला इथल्या हवेत लगेच घाम फुटतो. दुपारी मी ती पुसायला म्हणून ओलं फडकं घेऊन दाराशी आले, तर घूं घूं आवाज. मला वाटलं, खाली गवत कापणारा आला. ते लोक पाठीला यंत्र लावून कापतात, सगळा ब्लॉक दणाणतो. पण मग ध्यानात आलं, आवाज खालून नाही, तोंडासमोरून येतोय. गवत कापणारा चौथ्या मजल्यावर कशाला येईल?

मान वर केली आणि फडकं हातातून गळलं. हवाच तांबूस झाली होती. हजारो माशा गरगर फिरत होत्या, आणि एकेक करून तांब्याच्या गळ्याशी बसत होत्या. बसलेल्यांवर दुसऱ्या, त्यांच्यावर तिसऱ्या. बघता बघता तांब्या गेला, गाठी गेली, झेंडू गेला. पोपटी लुगड्यावर तपकिरी दाढी लोंबायला लागली, आणि ती दाढी हलत होती!

भीती नंतर वाटली. आधी अंगावर चांगला शहारा आला. वर्षाचा पहिला दिवस आणि दारात एवढे पाहुणे!

"जाई! अगं जाई! गुढीवर मोहोळ आलं!"

ती चक्क्यानं भरलेल्या हातानं धावत आली आणि दारातच थिजली. "आजी, हलू नकोस," कुजबुजली. मग तिचे डोळे असे मोठे झाले! "स्वॉर्म आहे! खराखुरा स्वॉर्म! आपल्या घरी!" आणि आवाज न करता जागच्या जागी उड्या मारायला लागली. चक्का माझ्या पदरावर.

"माझ्या गाठीच्या साखरेवर आल्या," मी म्हटलं.

"साखरेवर नाही ग. यांचं जुनं घर भरलं, म्हणून जुनी राणी अर्ध्या जणींना घेऊन निघाली. मधे थांबल्यात इथं. यांच्यातल्या काही जणी घर शोधायला गेल्यात, त्या आल्या की सगळ्या उठतील."

"म्हणजे फ्लॅटसाठी रांगेत आहेत."

"हो! आणि तो तांब्या आतून अंधारा, कोरडा. आवडला तर इथंच राहतील."

एवढ्यात शेजारचं लोखंडी दार करकरलं. आमच्या शेजारणीला आम्ही आंटी स्यू मे म्हणतो. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी धड येत नाही, तरी आम्ही वर्षानुवर्षं गप्पा मारतो, आणि आमचं कधी भांडण झालं नाही ते बहुधा म्हणूनच. तिनं बाहेर डोकावलं, वर पाहिलं आणि धाडकन दार लावून जाळीतून ओरडली, "आयो! सो मेनी बी!"

तिचं ओरडणं उगाच नव्हतं. तिचा नवरा, अंकल, डायलिसिसला गेला होता. चाकाच्या खुर्चीवरून संध्याकाळी परत यायचा, आणि लिफ्टपासून त्यांच्या दाराची वाट आमच्या गुढीखालून जाते. आधीच अशक्त माणूस. माशा चावल्या तर? आंटी फोन कानाला लावूनच बोलत होती. मला त्यातलं "फाइव्ह ओ'क्लॉक" आणि "स्प्रे" एवढं कळलं. जाईचा चेहरा बघून उरलेलं कळलं. औषध मारणारा पाचला येणार होता.

जाई तिच्या दाराजवळ गेली, जाळीशी उभी राहिली. भांडली नाही, इंग्रजीत समजावलं. "आंटी, मी हलवते त्यांना. पाचच्या आत. प्रॉमिस."

आंटीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, हाताला चक्का, नाकाला चक्का. "यू? यू स्टुडंट, लाह."

आता यात वाईट काही नाही. विद्यार्थिनी आहेस ग, एवढंच ती म्हणाली, 'लाह' म्हणजे इथलं 'ग'. पण मीनल म्हणाली होती तेच ते, फक्त दुसऱ्या भाषेत. जाईचे कान लाल झाले.

"येस, आंटी. स्टुडंट. पण हलवते."

शेवटी ठरलं. पाचला कॉरिडॉर मोकळा असला तर आंटी त्या माणसाला परत पाठवणार. नसला तर फवारा.

घरात येऊन जाईनं आधी रुचिरला फोन लावला. वाजला, वाजला आणि थांबला. पुन्हा लावला. मग तिनंच कपाळाला हात मारला. रुचिर ज्या कारखान्यात जातो तिथं आत फोन न्यायचा नाही. फाटकाजवळ कपाटात ठेवायचा, आणि संध्याकाळी कंपनीची बस निघेल तेव्हा घ्यायचा. तोपर्यंत रुचिर जुरोंग आयलंडवर असला काय आणि चंद्रावर असला काय, सारखंच.

"मग आता माशांना हात कोण घालणार?" मी विचारलं.

ती फोनवर क्लबाच्या ग्रुपला लिहायला लागली. त्या ग्रुपात शेकड्यांनी पोरं आहेत. लिहिलं, फोटो पाठवला, आणि फोन टिणटिण वाजायला लागला. मला वाटलं, आली फौज!

"काय म्हणतात?"

"बदाम पाठवतात."

"खायचे?"

"आजी! लाल बदाम. हार्ट. आणि हा म्हणतो, सो क्यूट. ही म्हणते, काळजी घे. याला व्हिडिओ पाहिजे." तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. "येतो असं कुणी म्हणत नाहीये. डब्याचाच दिवस पुन्हा."

माझ्या माहेरी मोहोळ उतरवायचं म्हणजे खालून गवत पेटवायचं, माशा जळायच्या नाहीतर पळायच्या, मध आपला. तेवढंच मला ठाऊक. मी म्हटलं, "धूप घालू का? घरात आहे."

"नको नको! धुरानं त्या बिथरतील. ऐक, आत्ता त्या गरीब आहेत. पोटात मध भरून घेतलाय, प्रवासाचा. घर नाही, पिल्लं नाहीत, म्हणजे राखायचं असं काहीच नाही. मग कशाला चावतील?"

"म्हणजे जेवून निघालेलं वऱ्हाड."

"हां, तसंच!" ती हसली, आणि तेवढ्यात फोन थरथरला. शी यिंग.

शी यिंग बारीक चणीची, जाड चष्म्याची मुलगी. ती धापा टाकत एवढंच म्हणाली की मी ट्रेनमध्ये आहे, पेटी माझ्याबरोबर आहे. क्लबाची पेटी तिच्याच घरी असते. जाई फोनवर किंचाळली. मी मनात म्हटलं, बघा, जिला यायचं होतं तिनं बदाम पाठवला नव्हता. ती चपला घालत होती.

शी यिंग पेटी घेऊन पोचली, आणि तिच्या मागून दुसरी कोण यावी? सेंगकांगला राहणारी अदिती! मराठीच पोरगी, जाईच्याच वर्गातली. क्लबात ती झाडांची चित्रं काढते. माशी म्हटलं की हिला घाम फुटतो, आईस्क्रीमवर साधी माशी बसली तर ही आईस्क्रीम टाकून देते. लिफ्टमधून बाहेर आली ती भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखी आडवी.

"आजी, मी सांगून ठेवते, मी वर बघणार नाही आणि हात लावणार नाही."

"मग आलीस कशाला ग बाई?"

"ते मला पण माहीत नाही. जाईनं बोलावलं ना."

जाईनं तिला काम दिलं. लिफ्टशी उभं राहायचं, कुणी आलं तर दुसऱ्या जिन्यानं पाठवायचं. अदिती लिफ्टशी पाठमोरी उभी राहिली, मंदिराबाहेरच्या द्वारपालासारखी. फक्त द्वारपाल थरथर कापत नसतो.

मधेच मीनलचा फोन. बातमी कशी पोचली देव जाणे. "आई, जाईला सांगा, दार लावून आत बसा, कुणाला तरी बोलवू आपण."

"हो हो, आतच आहोत," मी कॉरिडॉरमधून म्हटलं आणि फोन ठेवला.

तयारीत एक घोटाळा निघाला. जाळीची टोपी एकच. जाई म्हणाली, पेटी धरणाऱ्या शी यिंगला टोपी, कारण तिचे दोन्ही हात अडकलेले. मग जाईला काय? मी आतून जेवण झाकायची जाळी आणली, ती छत्रीसारखी उघडते ती. तिच्या डोक्यावर ठेवली आणि ओढणीनं हनुवटीखाली बांधली. आमची जाई झाकलेल्या पुरणपोळीसारखी दिसत होती. शी यिंगनं फोटो काढला. अशा वेळीसुद्धा फोटो, ही आजकालची पोरं!

"चला, गुढी उतरवू," जाई म्हणाली.

"थांब," मी म्हटलं. "हळद-कुंकू लावल्याशिवाय गुढी उतरवत नाहीत."

"आजी! आत्ता?"

"आत्ताच. त्याआधी काठीला हात लावायचा नाही."

"वर एवढ्या माशा आहेत!"

"मी वर कुठं लावणार आहे? खाली लावते, काठीच्या पायाशी."

तिनं घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे, मी ऐकायची नाही. "बरं. पण हळू. उदबत्ती नाही, घंटा नाही."

मी वाकून काठीच्या बुडाशी हळद लावली, कुंकू लावलं, साखर ठेवली, अक्षता टाकल्या. डोक्यावर ती सगळी घूं घूं. एक माशी माझ्या अंबाड्यावर बसली, माझ्या मानेला तिचे पाय कळले. मी म्हटलं, बस बाई, तूही बस. शी यिंगनं इंग्रजीत विचारलं, आजी काय करतात? तिला वाटतं माझं नावच आजी. लिफ्टकडून अदिती मान न वळवता म्हणाली, "परमिशन घेतायत!"

मग सुरू झालं. निशिकांतच्या त्या तिजोरीच्या गाठी सोडवायला जाईला नखं मोडावी लागली. काठी सुटली. बूड सरकू नये म्हणून कुणीतरी दाबून धरायला हवं, आणि चौथं माणूस नव्हतं. दाराच्या जाळीमागे आंटी होती, ती डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत होती. मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी बूड धरलं. जाई एक एक हात वर सरकवत काठी आत, कॉरिडॉरकडे घ्यायला लागली. नवा बांबू, लवलवणारा. दाढी एकदा डावीकडे डोलली, एकदा उजवीकडे. जरा धक्का बसला असता तर सगळ्या उठल्या असत्या.

"हळू... हळू..." ती स्वतःलाच सांगत होती.

आणि एका माशीनं तिला डंख केला. जाळी कपाळाला टेकली होती, तिथंच, भुवईवर. मी पाहिलं. तिचा अख्खा चेहरा गोळा झाला, डोळ्यातून घळकन पाणी आलं. हीच ती झुरळाला पाहून पलंगावर नाचणारी! मला वाटलं, आता सोडते काठी. पण हात हलले नाहीत. तोंडातून फक्त श्वासावर "आई ग" आलं, आणि काठी तशीच, तितक्याच सावकाश, खाली येत राहिली.

दाढी छातीच्या उंचीवर आली. आता खरा प्रश्न. शी यिंग पेटी घेऊन खाली उभी. रीत अशी की फांदी एकदा झटकायची, सगळ्या पेटीत पडतात. पण अर्ध्या माशा तांब्याच्या आत शिरल्या होत्या. राणी बाहेर की आत, कुणास ठाऊक. राणी आत राहिली आणि बाहेरच्या झटकल्या, तर सगळ्या परत तांब्यावर येणार. जाई इकडे तिकडे बघायला लागली, कुणीतरी सांगेल म्हणून. सांगणारा जुरोंग आयलंडवर होता.

शी यिंग जाळीआडून म्हणाली, "जाई, यू डिसाइड."

जाईनं ओठ चावला. मग माझ्याकडे वळली. "आजी, तांब्यासकट घेते. लुगड्याचं बांधलेलं टोक कापावं लागेल."

"काप की! विचारतेस काय?"

तिनं बाही वर केली आणि उघडा हात त्या माशांत घातला. लुगडं बांधलेली सुतळी आत होती ना, माशांच्या खाली. बोटं हळूहळू आत गेली, मग मनगट गेलं. आणि जाई हसायला लागली! डोळा सुजलेला, गालावर पाणी, आणि हसतेय.

"गरम आहेत, आजी! भाकरीसारख्या गरम!"

दुसऱ्या हातानं कात्री. कट. आणि तांब्या, गाठी, लुगड्याचा काठ, झेंडू, सगळं वऱ्हाड पेटीत उतरलं. थप्प असा मऊ आवाज आला, आणि उरलेल्या माशांनी कॉरिडॉर भरून गेला. शी यिंगनं झाकण थोडं उघडं ठेवून पेटी जमिनीवर ठेवली आणि तिघी भिंतीला टेकलो.

आता फक्त बघायचं. राणी आत असेल तर बाहेरच्या आत जातील. नसेल तर पाच मिनिटांत सगळ्या निघून जातील, नाहीतर आंटीच्या दारावर बसतील.

नेमकी तेव्हा लिफ्ट वाजली. आत चाकाची खुर्ची, खुर्चीत अंकल, मागे त्यांचा गडी, आणि त्याच लिफ्टमध्ये पाठीला टाकी बांधलेला औषध मारणारा. सगळे लवकरच आले होते. अदितीनं दोन्ही हात पसरले. एक माशी तिच्या बाहीवर येऊन बसली. ती पांढरीफटक पडली, पण हात खाली घेतले नाहीत. "अंकल, वेट. प्लीज. बीज." आवाज असा बारीक निघाला की अंकलनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. अंकल म्हणाले, कुठं, मला पण बघू दे.

टाकीवाल्यानं आंटीकडे पाहिलं. पाच वाजत आले होते आणि कॉरिडॉर काही मोकळा नव्हता. जाई आंटीकडे वळली. काय बोलणार? शब्द तिनंच दिला होता. जेवणाची जाळी डोक्यावर, एक डोळा बंद, हाताला गाठीची चिकट साखर, अशी उभी राहिली.

आणि तेवढ्यात शी यिंग ओरडली, "फॅनिंग!"

पेटीच्या फटीशी दहावीस माशा ओळीनं उभ्या राहिल्या होत्या, शेपट्या वर, तोंडं आत, आणि पंख असे चाललेले की दिसूच नयेत. जाईनं मला गच्च धरलं. "त्या बोलावतायत, आजी! बाकीच्यांना वास पाठवतायत. राणी आत आहे! राणी आत आहे!" आणि खरंच, हवेतल्या माशा खाली यायला लागल्या. भिंतीवरून उतरल्या, कठड्यावरून उतरल्या आणि पायी पायी, पंगतीला निघाल्यासारख्या पेटीत शिरायला लागल्या.

आंटीचं दार करकरलं. ती बाहेर आली, पहिल्यांदाच. पेटीकडे पाहिलं, जाईच्या डोळ्याकडे पाहिलं, मग टाकीवाल्याला हात दाखवून म्हणाली, "यू वेट. लेट देम फिनिश." आणि आत जाऊन त्याच्यासाठी सरबताचं खोकं आणि जाईसाठी बर्फ घेऊन आली. टाकीवाला टाकी खाली ठेवून मजेत बसला. तोही व्हिडिओ काढत होता. अंकल लिफ्टशी खुर्चीत बसून प्रत्येक झुंडीला मान डोलावत होते.

ऊन कलता कलता कॉरिडॉर रिकामा झाला. अंकलची खुर्ची पेटीला वळसा घालून घरात गेली. जाताना त्यांनी जाईला अंगठा दाखवला. आंटी माझ्याकडे बघून म्हणाली, "यू स्टुडंट, व्हेरी गुड, लाह." मला स्टुडंट म्हणाली! चौथी पास बाईला!

मावळायच्या आधी रुचिर पळत आला, गळ्यात कंपनीचा पास तसाच. बसमध्ये फोन हातात आल्यावर त्याला सगळं कळलं, आणि मित्राकडून गाडी मागून घेऊन थेट आला. "नमस्कार आजी," म्हणाला, आणि लगेच पेटीशी गुडघे टेकले. झाकण बोटभर उचलून बघितलं. बराच वेळ बघितलं. आम्ही सगळ्या त्याच्या तोंडाकडे.

"राणी तांब्याच्या काठावर आहे. मस्त आहे." मग वळला. "झाकण कुणी धरलं?"

"शी यिंगनं," जाई म्हणाली.

"आणि हात कुणी घातला?"

जाईनं चिकट हात वर केला.

"गुड," तो म्हणाला. "मग आता पुढची पेटी पण तूच घे."

अदितीला विचारलं, बाई, तू बघितलंस का शेवटी? ती म्हणाली, "एकदा. एका डोळ्यानं." आणि खुदकन हसली.

पेटी त्याच दिवशी बागेत न्यायला हवी होती. खाली गाडीत बसलो, मीही बसले, मला कोण अडवणार? जाईनं पेटी मांडीवर घेतली आणि तिच्यासकट पट्टा लावला. एक डोळा पूर्ण मिटलेला, दुसऱ्यानं फोनवर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहितेस? तिनं वाचून दाखवलं, "रविवारी पेटीसाठी मांडव घालायचा आहे, गवत काढायचं आहे. बदाम नकोत. हातमोजे घेऊन या."

फोन टिणटिणला. जाईनं वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"पुन्हा बदाम?" मी विचारलं.

"नाही. विचारतोय, किती वाजता?" फोन पुन्हा वाजला. "ही पण विचारतेय, किती वाजता? हातमोजे चारच आहेत, चालतील का?" तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती वाचायचंच विसरली. कारण रुचिरनं गाडी सुरू केली, आणि पेटीतली घूं घूं एकदम वाढली. तिनं दोन्ही हातांनी पेटी पोटाशी धरली.

"रुचिर, हळू हं. खड्डा आला तर सांग."

"सिंगापुरात खड्डा कुठून आणू?"

"तरी हळू," ती म्हणाली. आणि पेटीवर कान टेकून, डोळा मिटून, रस्ताभर तेच म्हणत राहिली, "हळू... हळू चालव..."